सिंकखालचा फणस

आमच्या डिचोलीच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना आधी देवघर दाखवायचे आणि मग सिंकखालचं कपाट. हसायचं तर हसा. लोक सोफा दाखवतात, टीव्ही दाखवतात. मी सिंकखालची दोन दारं उघडून, आतली बालदी बाजूला सारून सांगायचे, "हे आमच्या बाबांच्या फणसाचं लाकूड. वर सनमायका आहे म्हणून दिसत नाही, आत फणस आहे." पाहुणे बिचारे वाकून बघायचे. पांढऱ्या सनमायकात त्यांना काय दिसणार? तरी "वा, वा" म्हणायचे. चार वर्षं मी ते "वा, वा" गोळा करत होते.

फणस होता माझ्या माहेरी, पेडण्याला, परसात. आमचे बाबा सुतार. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. त्या फणसाखाली त्यांचं काम चालायचं, आणि करवत टांगायला त्यांनी खोडात एक लोखंडी आकडा ठोकला होता. मी लहान असताना तो आकडा चांगला वीतभर बाहेर होता. झाड वाढत गेलं तसं ते आकड्याला गिळत गेलं. माझं लग्न झालं तेव्हा नुसतं टोक दिसत होतं आणि बाबा करवत भिंतीवर टांगायला लागले होते.

बाबा गेल्यावर कागदपत्रांचा विषय निघाला. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, आणि तो सोडायचा तर नुसती मुलीची सही पुरत नाही, जावयाचीही लागते. आम्ही दोघं भावंडं, दादा आणि मी. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, बाबांच्याच हाताखाली शिकलेला, पेडण्यात त्याला सगळे मेस्त म्हणतात. घर त्याच्या नावावर व्हावं यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कुठली बहीण भावाकडे वाटा मागते? मागितला तर माहेर तुटतं, हे आम्हाला दुधातूनच पाजलेलं असतं. मी सही केली, नवऱ्यानंही केली, आणि कचेरीतून बाहेर पडल्यावर चहा पिताना मी दादाला म्हटलं, "मला घरातलं काही नको. परसातला फणस तू कधी ना कधी कापशीलच. त्याचं लाकूड मला दे."

कागदावर फणस नव्हता. चहाच्या टेबलावर होता. आमच्या घराण्यात तेवढं पुरत होतं.

दोनच वर्षांत दादानं मागच्या बाजूला स्लॅब घालून नवं स्वयंपाकघर काढलं आणि फणस आडवा आला. तो कापला त्या दिवशी मी मुद्दाम पेडण्याला गेले. ओंडके गिरणीवर नेले तेव्हाही बरोबर होते. करवतीचं पातं त्या आकड्याला लागलं आणि गिरणीवाल्यानं सात पिढ्यांचा उद्धार केला. फळी निघाली ती हळदीसारखी पिवळी, आणि मधोमध लोखंडाचा तुकडा, भोवती काळं वर्तुळ. लोखंडामुळे लाकूड काळं पडलं होतं. दादानं ती फळी उचलून माझ्यासमोर धरली.

"ह्यो तुकडो तुजो," तो म्हणाला. "तुज्या सिंकाखाली घालतंय. फणस पाण्याक भियेना नाय. बाबांचो आकडो तुज्याकडेन रवतलो."

मी गिरणीवरच रडले. गिरणीवाला बिचारा शिव्या थांबवून बघत राहिला.

सिंकखालीच का, ते सांगायला हवं. मी घरी ऑर्डरी घेते. नेवऱ्या, चकल्या, लाडू, लग्नसराईत पाचपन्नास माणसांचं जेवण. माझ्या सिंकला दिवसभर उसंत नसते. परातीच्या पराती धुवायच्या, तेलकट कढया घासायच्या. आधीचं कपाट दोन पावसाळ्यांत कुजलं होतं. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "पाण्याखाली दार करू नये, उघडं ठेवावं, वारा लागला पाहिजे." पण उघडं ठेवलं की पाइप दिसतात, फिनेलची बाटली दिसते, आणि ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक नेमकं तिकडेच बघतं. म्हणून मला टिकाऊ कपाट हवं होतं. फणसाला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, हे सुताराच्या मुलीला सांगायला नको.

कपाट पूर्ण तयार होऊनच टेंपोतून आलं. चकचकीत पांढरी सनमायका, आतून बाहेरून. मी विचारलं, "सनमायका कशाला? लाकूड दिसलं असतं." दादा म्हणाला, "दिसान काय करतलंस? पाणी लागाचां नाय." मला पटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुताराची मुलगी मी, बाबा लाकडावर बोटाची टिचकी मारून जात ओळखायचे, ते बघत मोठी झालेली; आणि माझ्या घरात आलेल्या कपाटावर मी एक टिचकी मारून पाहिली नाही. भावानं आणलेल्या वस्तूवर कोण टिचक्या मारतं?

उलट दसऱ्याला काय करायचे ते सांगते, आता लाज वाटते तरी सांगते. आमच्या माहेरी दसऱ्याला हत्यारांची पूजा. करवत, रंधा, पटाशी, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या सासरी हत्यारं नाहीत, इकडची माणसं नोकरीवाली. नवरा रोज बसनं पणजीला जातो आणि पेन वापरतो. म्हणून मी सिंकखालच्या कपाटाला हळदकुंकू लावायचे, दाराच्या मुठीला झेंडूचं फूल. नवरा म्हणायचा, "फिनेलच्या बाटलीलाही लाव." मी लावलं नाही, पण रागावलेही नाही. बाबा घरात आहेत असं मला वाटायचं.

काळजी तर अशी घेतली की पोटच्या पोराची घेत नाहीत. तळाला जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर जुनी वर्तमानपत्रं, दर शनिवारी बदलायची. रात्री ओटा पुसून झाला की आत हात फिरवायचा. आणि तिथंच मी फसले. पाइपच्या जोडावर थेंब धरत होता तो प्लास्टिकवर पडायचा नाही. मागच्या भिंतीनं उतरून तो प्लास्टिकच्या खाली जायचा. वर कागद कोरडा, खाली तळं. आधी कुबट वास आला, मग एक दार खाली घासायला लागलं. जुलैच्या एका सकाळी मी प्लास्टिक उचललं तर सनमायकाला हे एवढे फोड.

प्लंबरला बोलावलं. साठीचा माणूस, दोडामार्गाकडचा, कामाला चोख आणि तोंडाला मोकळा. त्यानं पाइपचा आटा आवळला, आत नवं रबर घातलं, पाच मिनिटांचं काम. मग सहज बोट दाबलं तर बोट तळात गेलं. चहात बुडवलेला उंडो पाव जसा दबतो तसं. बोट बाहेर काढून त्यानं मला दाखवलं. त्यावर ओला भुसा.

"बाय, ह्यो भुशाचो बोर्ड."

"नाही हो, ते फणसाचं लाकूड आहे. माझ्या भावानं केलंय."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "फणस असो फुगना नाय," म्हणाला, आणि हात धुवायला लागला.

सोनारानंच कान टोचावे लागतात, तरीही मला टोचलं नाही. मी मनाशी म्हटलं, तळ बोर्डाचा असेल, बाजू फणसाच्या असतील. दादाला फोन केला. तो साध्या बिजागरीसाठी पेडण्याहून स्कूटर मारत येणारा माणूस. त्या दिवशी मात्र म्हणाला, "पाण्याफुडे फणस काय नि साग काय, सगळां कुजता गो. चवथ जाव दी, मगे बघूया."

मी विश्वास ठेवला. फणस कुजतो यावर विश्वास ठेवणं मला दादा खोटं बोलतो यावर ठेवण्यापेक्षा सोपं गेलं.

चवथीला आम्ही पेडण्याला गेलो. गणपतीच्या वर माटोळीची लाकडी चौकट टांगलेली, तिला नारळ, सुपाऱ्या, तोरिंजनं, रानातली फळं. घर माणसांनी भरलेलं. दुपारच्या पंगती उठल्या आणि मी पदर खोचून भांड्यांना बसले. माहेरवाशीण असले तरी मला बसून खायची सवय नाही, आणि वहिनी एकटी किती करणार? पावडर संपली म्हणून मी त्यांच्या सिंकखालचं दार उघडलं.

आत सनमायका नव्हती. नुसतं लाकूड, तेल दिलेलं. पिवळा रंग आता मधासारखा झाला होता. त्यांचाही पाइप गळत होता. खाली एक पत्र्याचा डबा ठेवला होता, तो भरून वाहत होता, आणि फळीवर पाणी साचलं होतं. मी फळीवर हात ठेवला. टणक. पाण्याखाली टणक. आणि डब्याच्या बाजूला, मधोमध, काळं वर्तुळ. आत लोखंड.

मी टिचकी मारली. चार वर्षं उशिरा मारली, पण मारली. बाबांच्या बोटाखाली यायचा तोच आवाज आला.

 बाहेर आरती सुरू झाली होती, झांजा वाजत होत्या. वहिनी आत आली. तिनं मला गुडघ्यावर बसलेलं पाहिलं, उघडं दार पाहिलं, माझा हात कुठं आहे ते पाहिलं.

"पावडर थंय नाय," ती म्हणाली. "वर फळयेर आसा." आणि पायानं दार लोटलं. मला हात काढून घ्यावा लागला.

तिलाही माहीत होतं. त्या घरात सगळ्यांना माहीत असणार. दर चवथीला मी तिथं बसून माझ्या सिंकखालच्या फणसाचं कौतुक सांगायचे, पाहुणे आले की कसं दाखवते ते, दसऱ्याला हळदकुंकू लावते ते. दादा जेवता जेवता ऐकायचा. एकदा वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं होतं आणि तो म्हणाला होता, "वरण वाढ." मला ते वरण आता आठवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आयुष्यभर ऐकलं होतं. केस कुणाचा असतो ते त्या दिवशी कळलं.

गणपतीसमोर तोंड उघडून उपयोग नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. राहिलेली भांडी मी घासली. सगळी घासली, कढईसुद्धा. दादा गणपतीकडे बसला होता, त्यानं हाक मारली, "बाय, आरतीक ये गो." मी गेले आणि टाळ्या वाजवल्या.

परतताना स्कूटरवर नवऱ्याला सांगितलं. अस्नोड्याच्या पुलावर त्यानं स्कूटर हळू केली. मग म्हणाला, "एवढ्या घरावर सही केलीस तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं. आता एका फळीसाठी?"

त्याला वाटलं तो माझी समजूत काढतोय. मी मागे बसून मनात त्याला उत्तर देत राहिले. घर मी दिलं होतं. ही फळी माझ्याकडून घेतली. आणि घेऊन मला भुशाची पूजा करायला लावली, चार वर्षं.

दिवाळीपर्यंत मी सिंकखाली नवं काही केलं नाही. फुगलेला तळ काढून टाकला, दारं काढली, खाली बालदी ठेवली. ऑर्डर द्यायला येणारे पाइपकडे बघायचे तर बघू देत. वारा खेळायला लागला, कुबट वास गेला. सासूबाई बरोबर होत्या, पण त्यांना हे सांगायला त्या नव्हत्या.

भाऊबीजेला दादा आला तो नेहमीसारखा मिठाईचा पुडा घेऊन, आणि या वेळी हत्यारांची पिशवी आणि कापून आणलेली प्लायही. भाऊबीजेला तो कधी हत्यारं आणत नाही. "आदी काम, मगे ओवाळ," म्हणाला. "ही मरीन प्लाय. धा वर्सां पाण्यात घाल, काय जावचां नाय."

आणि काम त्यानं, खोटं कशाला बोलू, उत्तम केलं. कपाट जमिनीपासून चार बोटं वर घेतलं, खाली पाय बसवले. प्लायच्या कापलेल्या कडा आधी रंगवल्या, मग भिंतीच्या कडेनं सिलिकॉन भरलं. पाठीमागे वाऱ्यासाठी दोन भोकं. तळावर कडा वळवलेला पत्रा, म्हणजे थेंब पडलाच तर समोर दिसेल, लपणार नाही. बाबांचा हात होता तो. तसाच सावकाश, तसाच नेमका. मी बाजूला बसून बॅटरी धरली होती. लहानपणी बाबांसाठी दिवा धरायचे तशीच. त्याचं डोकं आणि खांदे कपाटात होते, माझ्याकडे फक्त पाठ.

चेहरा दिसत नव्हता म्हणूनच मला विचारता आलं.

"दादा, बाबांचो आकडो तुज्या सिंकाखाली आसा."

हातोडी थांबली. "बघलंस तू?"

"चवथीक."

"मगे तेवाच कित्या बोलाक नाय?"

बघा. चूक माझीच निघाली. मी म्हटलं, "तू देतंय म्हणालं होतंस. गिरणीर. ह्यो तुकडो तुजो म्हणालं होतंस."

 मग तो बोलला. रागानं बोलला असता तर मी भांडले असते. तो साधेपणानं बोलला, समजावल्यासारखा. "घरचां लाकूड घरात रवलां, बाय. भायर खंय गेलां नाय. बापायची वस्तू. तुका काय, तुका प्लाय बरी."

"आणि मी खंयची?"

"तू डिचोलीची," तो म्हणाला. कंडक्टर बसचं गाव सांगतो तसं म्हणाला. त्यात त्याला सांगण्यासारखं काही वाटलंही नाही, आणि पुढं म्हणाला, "खिळो दी."

मी बॅटरी बंद केली.

काही ठरवून केलं नाही. अंगठा आपोआप बटणावर गेला. कपाटात काळोख झाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला त्या क्षणी त्याला तिथंच, त्या काळोखात सोडून उठावंसं वाटलं. पेन त्यानंच माझ्या हातात दिलं होतं, सही करताना. "हंय कर," म्हणून बोट ठेवून जागा दाखवली होती. मी ते बोट बघत सही केली होती आणि मला वाटलं होतं, सही करून मी माहेर राखलं.

"अगो, बॅटरी धर मगे. माका दिसना नाय."

मी बॅटरी लावली. काम अर्धवट राहिलं असतं तर पाणी माझ्याच घरात झिरपलं असतं.

मग मी त्याला ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, त्याला औक्षवंत म्हटलं. जेवायला त्याच्या आवडीचं सगळं होतं, आदल्या दिवशीच करून ठेवलेलं. तो पोटभर जेवला. जाताना सिंकखाली पुन्हा एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "थेंब जरी दिसलो तरी माका फोन कर. येतंय."

थेंब दिसला नाही. वर्ष होत आलं, एक थेंब नाही. पत्रा कोरडा, कडा कोरड्या, पूर्ण पावसाळा गेला तरी दार घासलं नाही. रात्री मी अजून आत हात फिरवते. पाहुण्यांना मात्र काही दाखवत नाही. यंदा दसऱ्याला फूलही लावलं नाही. नवऱ्याच्या ते लक्षात आलं असावं. फिनेलच्या बाटलीवरून तो काही बोलला नाही.

त्याआधी, यंदाच्या चवथीच्या तोंडावर, दादाचा फोन आला होता. "कधी येतंस? आदल्या दिसा ये. नेवऱ्यो करूक वैनीक हात व्हये."

मी स्वयंपाकघरातच उभी होते. समोर त्यानं केलेलं कपाट, दोन्ही दारं नीट लागलेली.

"यंदा जमाचां नाय, दादा," मी म्हटलं. "सिंकाखाली पाणी गळता. घर सोडून येवक जायना नाय."

 स्वतःचं काम त्याला माहीत होतं. ते गळत नाही, गळणार नाही, हे माझ्याइतकंच त्यालाही ठाऊक होतं. मागे त्याच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, नळाचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. खोटं बोलतंस म्हणाला असता तरी चाललं असतं. "येतंय, बघतंय," एवढं म्हणाला असता तर मी त्याच दिवशी पिशवी भरली असती.

"बरां," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.